नुसतं ‘बघा’

“बघा,” मॅनेजर म्हणाले आणि पुन्हा आपल्या कामात डोकं खुपसून बसले.

नवी तिथेच उभी राहिली. तिच्या एका हातात बिजागरीचं छोटं यंत्र होतं, त्यात प्लास्टरचे दोन जबडे, आणि वरच्या जबड्यावर गुलाबी मेणात बसवलेले दात. दुसऱ्या हातात एका आजींचा जुना फोटो. फोटोत आजी ऐन पन्नाशीतल्या होत्या, मोकळं हसत होत्या, आणि त्या हसण्यात समोरचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढून बसला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘फोटो बघून करावे.’ आता फोटो बघून करायचं म्हणजे दातांचा आकार बघून करायचं, की तो आगाऊ दातही तसाच चढवायचा? एवढंच विचारायला ती आली होती. सरळ प्रश्न होता. उत्तर आलं, ‘बघा’.

काय बघा? फोटो बघा? दात बघा? तुमचं तुम्ही बघून घ्या? की असले प्रश्न घेऊन पुन्हा माझ्या टेबलाशी आलात तर मग बघा? तिने मॅनेजरांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं होतं, त्यावरून काहीच कळत नव्हतं. ती आपल्या जागेवर येऊन बसली आणि फोटो बघायला लागली, कारण बघण्यासारखं तेवढंच समोर होतं.

सगळे तिला नवी म्हणत. कवळ्या बनवायच्या या लॅबमध्ये येऊन तिला वर्ष होत आलं होतं, पण तिच्यानंतर दुसरं कोणी आलंच नाही, त्यामुळे ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. लॅब म्हणजे तरी काय, दोन खोल्या आणि मागे एक मोरी. पुढच्या खोलीत नवीचं टेबल, मेण वितळवायची बारीक शेगडी, खोक्यांमधून मांडलेले दातांचे संच आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. मोरीशेजारी पॉलिशचं चाक आणि ते फिरवणारे पॉलिशवाले काका. आतली खोली मॅनेजरांची. मालक दुसऱ्या गावी असत आणि फोनवरून धंदा चालवत.

नवी इथे आली ती प्लास्टर कालवायला. त्याआधी ती पॅकिंगच्या कारखान्यात होती. तिथला सुपरवायझर येता-जाता एकच सांगायचा, डोकं चालवू नका, हात चालवा. तिथे खोका बंद करायचा तरी विचारून आणि उघडायचा तरी विचारून. तिला ते बरं वाटायचं. चुकलं तर चुकलं, सांगणाऱ्याचं चुकलं. मग इथे आली, आणि दात बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला, त्याच दिवशी मॅनेजरांनी मेणाची पट्टी आणि दातांचा एक संच तिच्यापुढे सरकवला. ती घाबरून म्हणाली, मला येत नाही. ते म्हणाले, “बघा.” मग स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एक जबडा तिच्यासमोर करून दाखवला, एक अक्षर न बोलता. दुसरा तिच्याकडून करून घेतला, तोही न बोलता. तिथून हे ‘बघा’ सुरू झालं.

मालकांनी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की वर्ष भरलं की मॅनेजर म्हणतील तसं. ठेवा म्हणाले तर कायम, नाहीतर तुमचा तुम्हाला रस्ता मोकळा. रस्ता म्हणजे परत तो कारखाना, तो सुपरवायझर आणि ते खोके. आणि नवीला आता खोके नको होते. संध्याकाळी टेबलावर मेणातली एक अख्खी बत्तिशी तयार व्हायची, आपल्या हातची, कोणाच्या तरी तोंडात जाऊन हसणारी, जेवणारी, भांडणारी. हे असलं काही आपल्या हातून होईल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं. ते सुटून चालणार नव्हतं.

पण मॅनेजर काय म्हणतील हे कळायला मॅनेजर आधी काहीतरी म्हणायला हवेत ना.

पॉलिशवाल्या काकांनी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. काका सांगत, की हा माणूस पूर्वी असा नव्हता. बोलायला लागला की आपण चाक बंद करून ऐकत बसायचो, नकला काय करायचा, डॉक्टरांची काय फिरकी घ्यायचा. गेल्या दोनेक वर्षांत काय बिनसलं कोण जाणे. काकांकडे त्याची कारणंही तयार असत. कधी म्हणत घरात मुलाशी पटत नाही, कधी म्हणत मालकांनी शब्द फिरवला, कधी म्हणत शिष्टपणा, दुसरं काय. जेवायचासुद्धा दार लावून एकटा. फोन वाजला तर उचलायचा नाही, काकांनी धावत जायचं. आणि कोणी काही विचारलं की बघा, बघू, नाहीतर हं.

घरी नवीने एकदा नवऱ्याला विचारलं, की समजा तुमच्या डेपोतला साहेब तुम्हाला नुसतं ‘बघा’ म्हणाला, तर तुम्ही काय समजाल? नवरा बस चालवायचा, दिवसभर लोकांची बोलणी खाऊन यायचा आणि घरात शक्यतो कशातच पडायचा नाही. तो म्हणाला, कसं म्हणाला त्यावर आहे. ती म्हणाली, कसंच नाही, नुसतं म्हणाला. त्याने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि कूस बदलत म्हणाला, “मी काय सांगू, तुझं तू बघ.”

आता हेच. त्यांच्या घरात ‘तुझं तू बघ’ याचा अर्थ, कर काय करायचं ते, आणि निस्तरायचंही तूच. तिच्या माहेरी आई ‘बघ हं’ म्हणाली की पोरं चिडीचूप व्हायची. वडील ‘बघू’ म्हणाले की ती वस्तू कधी घरात यायची नाही. आणि शेजारीण ‘बघून घेईन’ म्हणाली होती, ती अजून बघतेच आहे. एवढ्या सगळ्यातून मॅनेजरांचं ‘बघा’ कुठलं, हे नवीला उमगेना.

सुरुवातीला तिने त्याचा अर्थ ‘नुसतं बघा, हात लावू नका’ असा घेतला. एक काम होतं, जबड्याचं माप जरा विचित्र आलं होतं. तिने विचारलं, ते म्हणाले, बघा. ती बघत राहिली. ते काम तिच्या टेबलाच्या कोपऱ्यात इतके दिवस पडून राहिलं की डॉक्टरांचा माणूस भांडायला आला. मॅनेजरांनी ते काम उचललं, आपल्या खोलीत नेलं आणि स्वतः करून दिलं. तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, ती त्या दिवशी नीट जेवलीसुद्धा नाही.

मग तिने ठरवलं की ‘बघा’ म्हणजे करून टाका. पुढचं काम तिने सपाट्यात उरकलं, दातांचा रंगही आपल्याच मनाने निवडला. कवळी त्या पेशंटच्या तोंडात गेली तेव्हा दात असे पांढरे दिसले, की तो गृहस्थ म्हणे घरी जाईपर्यंत तोंडावर हात धरून गेला. कवळी परत आली. मॅनेजरांनी ती खणात टाकली, दातांच्या रंगांचं कार्ड तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, “बघा.” हे मात्र तिला कळलं. पण त्यानंतरचं प्रत्येक ‘बघा’ तिला त्याच कार्डासारखं वाटायला लागलं.

आणि मग ती खूण बंद झाली. काम बरोबर असलं की मॅनेजर प्लास्टरच्या बुडावर निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण करत. खूण झाली की काम पुढे, नाही झाली की परत. सुरुवातीला त्या एका निळ्या रेघेसाठी नवीचा जीव टांगणीला लागायचा. गेल्या काही महिन्यांत तिने काम नेलं की ते उचलत, उजेडात धरत, फिरवून बघत आणि तसंच तिच्याकडे सरकवत. बघा. खूण नाही. ती टेबलावर येऊन काय चुकलं ते शोधायची, सापडायचं नाही, मग सगळे दात मेणातून काढून पुन्हा पहिल्यापासून बसवायची. पुन्हा न्यायची. पुन्हा खूण नाही. एकदा तर मॅनेजरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही बाई वेडी आहे की काय. शेवटी काकाच परस्पर काम उचलून पुढे न्यायला लागले. कारण पॉलिशचं चाक रिकामं फिरत होतं.

तर आता हा आजींचा दात.

नवीने फोटो टेबलाच्या कडेला टेकवून उभा केला. सरळ बसवला तर कोणी काही म्हणणार नाही. सरळ दाताबद्दल आजवर कोणी कोणाला बोललंय? पण फोटोतली ती बाई हसत होती ती त्या दाताच्या जोरावर, असं तिला उगाच वाटत राहिलं. तो सरळ केला तर तोंड नीटनेटकं होईल आणि आजी भलतीच कोणीतरी दिसतील. तिने दात सरळ बसवून पाहिला, मग चढवून पाहिला, मग पुन्हा सरळ. मॅनेजरांच्या दाराकडे एकदा पाहिलं. परत गेलं तर काय मिळणार हे ठाऊकच होतं. शेवटी तिला स्वतःचाच राग आला. एवढी मोठी बाई, घरात सगळ्या गोष्टी आपण ठरवतो, नवऱ्याला मोजे कुठले घालायचे तेसुद्धा आपण सांगतो, आणि एकेका दातासाठी वर्षभर दारात उभं राहतो. तिने मेण गरम केलं, दात शेजारच्यावर चढवला आणि कोणालाही न दाखवता जबडा डॉक्टरांकडे पाठवून दिला. अजून मेणातच होता. पेशंटच्या तोंडात घालून बघायचा, पसंत पडला तर पक्का करायचा, अशी रीत असते.

पाठवला आणि मग ती दिवसभर फोनकडे कान लावून बसली.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा काका बाहेर कामं पोचवायला गेले होते. फोन मॅनेजरांच्या टेबलावर वाजत राहिला. ते त्याच्याकडे बघत बसले, उचलेनात. शेवटी नवीच आत गेली आणि तिने उचलला. पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या आणि तापलेल्या होत्या. त्यांनी हिला विचारलं, की हा पुढचा दात वाकडा कोणी बसवला, म्हाताऱ्या माणसाला चांगले दात द्यायचे सोडून ही काय थट्टा आहे, आणि तुमच्याकडे आता शिकाऊ लोक कामं करतात का? नवी नुसती “मी, ते, फोटोत,” असं म्हणत राहिली. मनात म्हणाली, संपलं. गेली नोकरी.

मॅनेजरांनी हात पुढे केला. तिने फोन त्यांच्या हातात दिला. आता ते ‘बघू’ म्हणतील आणि ठेवून देतील, मग माझ्याकडे बघतील, असं तिला वाटलं. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि बोलले. नवीने त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“दात तसाच हवाय. मुद्दाम केलाय. मीच सांगितलं तसं. तुम्ही त्यांना नुसता दाखवा, आरसा द्या त्यांच्या हातात, त्या स्वतः—”

तिथे वाक्य तुटलं. काहीतरी खट्‌कन टेबलाच्या कडेवर आपटलं, तिथून फरशीवर पडलं आणि त्याचे दोन तुकडे दोन दिशांना गेले. एक नवीच्या चपलेपाशी आला. तिने खाली पाहिलं. अर्धी कवळी होती. वरच्या जबड्याची, समोरून बरोबर मध्ये तडकलेली.

फोनमधून हॅलो, हॅलो येत होतं. मॅनेजरांनी एका हाताने तोंड झाकलं होतं आणि दुसऱ्या हातातला फोन तसाच हवेत धरला होता. नवीने तो काढून घेतला. काय बोलतोय हे तिचं तिलाही कळत नव्हतं, पण तोंडातून निघालं, “डॉक्टर, आजींना आरशात दाखवा आणि काय म्हणतात ते आम्हाला कळवा. ठेवते.” आणि तिने खरंच ठेवला. डॉक्टरांचा फोन आपण होऊन ठेवणारी ती त्या लॅबमधली पहिलीच असावी.

मग तिने दार आतून लावून घेतलं. तुकडे वेचले. मॅनेजर खिडकीकडे तोंड करून उभे होते, तोंडावर रुमाल. त्यांची पाठ एकदम म्हाताऱ्या माणसाची दिसत होती. नवीला कुठे बघावं ते कळेना, म्हणून तिने हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं. जुनं काम होतं, आणि कोणाच्या हातचं ते ओळखायला वेळ लागला नाही. कोपऱ्यातले दात कलते ठेवायची ही पद्धत तिला याच माणसाने न बोलता शिकवली होती.

अख्ख्या गावातल्या डॉक्टरांना कवळ्या पुरवणारा हा माणूस स्वतः कवळी घालतो, हे कोणाला ठाऊक नव्हतं. काकांनासुद्धा नाही, म्हणजे हद्दच झाली.

मॅनेजर वळले. रुमाल तोंडावरच होता. तिच्या हातातल्या तुकड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “बघ.”

आजवर बघा होतं, आज बघ झालं. यातला ‘आ’ कुठे गेला, तो आपलेपणाने गेला की रागाने, की दात नाहीत म्हणून निसटला, हा आणखी एक घोळ. पण तो सोडवत बसायला आता वेळ नव्हता. संध्याकाळी मालकांचा फोन यायचा होता. नवीने फोन तारेसकट बाहेर नेऊन ठेवला, आपली शेगडी आणि सामान आत आणलं, दार पुन्हा लावलं आणि सगळं मॅनेजरांच्याच टेबलावर मांडलं.

दोन तुकडे तडकलेल्या रेषेवर जुळवून तिने मेणाने चिकटवले. हे वाटतं तेवढं सोपं नसतं. केसाएवढी फट राहिली तरी कवळी एका बाजूने उंच होते आणि घास चावताना एकीकडेच लागते. तिने खालून प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत थांबण्यावाचून काही करता येत नव्हतं, आणि त्या थांबण्यात मॅनेजर बोलायला लागले.

ते कसे बोलले ते लिहून दाखवण्यात अर्थ नाही, अर्धे शब्द ओठांतच विरत होते. पण बोलले मात्र घडाघडा. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं ना. म्हणाले, दात लवकर गेले, घराण्यातच आहे. कवळी स्वतःच बनवली, रविवारी येऊन, कुलूप लावून. पुष्कळ वर्षं छान चालली. मग हिरड्या झिजल्या आणि ती सैल झाली. नवीन करायची तर जबड्याचं माप दुसऱ्याने घ्यावं लागतं, आणि जाणार कोणाकडे? सगळे डॉक्टर आपलेच गिऱ्हाईक. उद्या ते म्हणणार, ज्याची स्वतःची कवळी पडते त्याच्याकडून काय करून घ्यायचं. मग बोलणंच कमी केलं. त आला, द आला, स आला, की जीभ दातांना लागते आणि कवळी खाली येते. ‘बघा’ मध्ये तसलं काही नाही. ‘बघू’ मध्येही नाही. ‘हं’ तर सगळ्यात उत्तम.

नवी ऐकत राहिली. तिला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. वर्षभर आपण त्या एका शब्दाचा कीस पाडला, आणि तो शब्द निवडला कशावरून, तर त्यात त नाही म्हणून? तिला फसवल्यासारखं वाटलं. शेवटी राहवेना.

“म्हणजे तुमचा माझ्यावर भरवसा वगैरे काही नव्हताच,” ती म्हणाली. “तुम्हाला बोलता येत नव्हतं, एवढंच.”

मॅनेजरांनी रुमालाची घडी घातली, मोडली.

“कधी भरवसा असायचा,” ते म्हणाले, “कधी नुसतं बोलता यायचं नाही. कुठल्या वेळी कुठलं, ते आता मलाही सांगता येणार नाही.”

“आणि ती निळी खूण? ती करायला तर बोलावं लागत नाही.”

“खूण चुकणाऱ्यांच्या कामावर करायची असते. तुझ्या कामावर कशाला करू?” ते म्हणाले. “तू चांगलं काम परत परत मोडून का आणायचीस, ते मात्र मला कळत नव्हतं.”

नवीने खाली मान घालून प्लास्टरला बोट लावून पाहिलं. ते अजून ओलं होतं. तिचे डोळेही ओले झाले होते, पण ते तिने भुकटीवर ढकललं.

मग मालकांचं निघालं. मालकांनी नवीबद्दल वरचेवर विचारलं होतं, आणि मॅनेजरांनी प्रत्येक वेळी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. ‘बघू.’ आता ‘बघू’ म्हणजे नाही, हे जगात कोणाला ठाऊक नाही? मालकांनीही तेच धरलं. परवा ते म्हणाले, ठीक आहे, महिनाअखेरीस त्या बाईंना मोकळं करा, मी दुसरं माणूस पाठवतो. हे मॅनेजरांनी सांगितलं आणि नवीच्या हातातली सुरी तिथेच थांबली.

“‘कायम’ म्हणायलाही दात लागत नव्हते,” ती हळूच म्हणाली.

मॅनेजर खाली बघत म्हणाले, “सुचलं नाही. चूक झाली.” मग म्हणाले, “आज फोन येईल. दात बसव, मी बोलतो. नीट, सगळं बोलतो. तेवढ्यापुरते टिकले तरी पुरे.”

नवीने मान हलवली आणि कामाला लागली. तडकलेल्या कडा घासून रुंद केल्या, त्यात गुलाबी पूड आणि द्रव थेंबाथेंबाने भरला, कोमट पाण्यात ठेवून घट्ट होऊ दिला. मध्येच काका परत आले आणि दारावर थाप मारून ओरडून सांगून गेले, की डॉक्टरांचा फोन होता, आजी म्हणतात दात वाकडाच हवा, पण इतका वाकडा नव्हता हो माझा, थोडा कमी करा. नवीला एरवी याच्यावर रात्रभर विचार करावा लागला असता, की आपण बरोबर की चूक. आता ती आतून नुसतं “करते” म्हणाली. काका बाहेर बराच वेळ घुटमळत होते, दार का लावलंय हे त्यांना काही केल्या कळत नव्हतं.

जोड घासून गुळगुळीत झाला तेव्हा खिडकीतला उजेड कलला होता. नवीने कवळी धुतली, मॅनेजरांच्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मागे खट्‌ असा बारीक आवाज झाला.

“बघ,” मॅनेजर म्हणाले.

ती वळली. त्यांचा चेहरा जागेवर आला होता. गाल भरले होते, ओठ सरळ झाले होते, आणि ते तिच्याकडे असे बघत होते, जसे पेशंट डॉक्टरकडे बघतात. या ‘बघ’ मध्ये काहीच घोळ नव्हता. याचा अर्थ माझ्याकडे बघ, एवढाच होता. तिने निळ्या कागदाची पट्टी त्यांच्या दातांमध्ये धरली आणि सांगितलं, चावा. कवळी दोन्हीकडे सारखी टेकली तर दोन्हीकडे सारखे ठिपके उमटतात.

बाहेर फोन वाजला. तो मघापासून बाहेरच होता. काकांनी उचलला आणि दाराशी येऊन म्हणाले, “मालक आहेत. तुम्हालाच मागतायत. गडबडीत आहेत म्हणे, नंतर भेटायचे नाहीत.”

मॅनेजर उठायला लागले. नवीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि वाकून त्यांच्या तोंडात बघितलं. डावीकडे गडद निळा ठिपका होता. उजवीकडे काहीच नव्हतं.

चाललं असतं. एका फोनपुरतं नक्की चाललं असतं. मॅनेजरांनीही भुवया उंचावून तेच विचारलं, की चालेल ना? बाहेर काका मालकांना सांगत होते, एक मिनिट हं, येतायत, येतायत.

नवीने आपला तळहात त्यांच्यापुढे धरला.

“काढा,” ती म्हणाली.

मॅनेजरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग मान खाली घालून त्यांनी दात काढले, रुमालाने पुसले आणि तिच्या हातावर ठेवले.